गुरुवारची सुट्टी, लोकलचं तिकीट: पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आसपास काय पाहायचं आणि कुठे उतरायचं नाही

इटलीतल्या मातेरा गावाचे रील एव्हाना प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेले असतील. डोंगरात कोरलेल्या गुहा, त्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं आणि आता त्याच गुहांमधली महागडी हॉटेलं. १९९३ मध्ये युनेस्कोने या गुहांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि जगभरातले पर्यटक तिकडे वळले.

चाकण एमआयडीसीत दुसऱ्या शिफ्टला जाणाऱ्या कामगाराच्या बसच्या खिडकीतूनही असा एक डोंगर दिसतो. त्याच्याही पोटात गुहा आहेत, त्यात आजही माणसं राहतात आणि तिथे जायला पासपोर्ट लागत नाही. फक्त त्याचा रील कुणी पाठवलेला नसतो.

पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात विदर्भ, मराठवाडा, खानदेशापासून उत्तर प्रदेश-बिहारपर्यंतची माणसं कामाला आलेली आहेत. इथल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, ती गुरुवारी असते. या एका गोष्टीमुळे इथला कामगार आयटीतल्या इंजिनिअरपेक्षा नशीबवान ठरतो, कारण लोणावळ्याच्या दिशेने जाणारी सगळी गर्दी शनिवार-रविवारची. गुरुवारी तेच गड आणि तीच लेणी बऱ्यापैकी मोकळी मिळतात.

पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोडवरून पुढे बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली करत लोणावळ्याला पोहोचते. खाली दिलेल्यापैकी निम्मी ठिकाणं याच स्टेशनांवर उतरून पाहता येतात.

शेतकऱ्याच्या बायकोने दिलेलं लेणं

सुरुवात घोरावडेश्वरपासून. नावामुळे अनेक जण घोरावाडी स्टेशनला उतरतात आणि चुकतात. जवळचं स्टेशन बेगडेवाडी. जुन्या पुणे-मुंबई महामार्गाला लागून शेलारवाडीचा डोंगर आहे आणि पायथ्यापासून अर्ध्या तासात वर पोहोचता येतं. चढ दमवतो, पण पायवाट आणि पायऱ्या असल्यामुळे ट्रेकिंगचा अनुभव लागत नाही.

वर गेल्यावर शंकराचं देऊळ लागतं. ते ज्या खोलीत आहे ती खोली मुळात बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. सपाट छताच्या त्या चैत्यगृहात एक स्तूप होता. पुढे कधीतरी स्तूप काढला गेला आणि त्या जागी शिवलिंग आलं. स्तूपाचा वरचा भाग छताशी जोडलेला होता, त्यामुळे गाभाऱ्यात उभं राहिल्यावर हात जोडून झाले की एकदा मान वर करून छतही पाहावं. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. तो दिवस सोडला तर वर भेटतात ती सकाळी व्यायामाला आलेली देहूरोड-तळेगावची मंडळी.

खरी गंमत मात्र भिंतीवरच्या ब्राह्मी लेखात आहे. दोन हजार वर्षांच्या आसपासचा हा लेख सांगतो की हे लेणं धेनुकाकट इथल्या उसभनक नावाच्या शेतकऱ्याच्या बायकोने, सियगुत्तनिकाने दान दिलं. दानात तिचा मुलगा नंद सोबत आहे. लेणी म्हटलं की राजे आणि सावकार डोळ्यांसमोर येतात. इथे नांगर चालवणाऱ्या घरातली बाई स्वतःच्या नावाने दगडात कोरून ठेवली गेली आहे. हे धेनुकाकट नेमकं कुठे होतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण कार्ल्याच्या लेण्यात याच गावच्या 'यवन' दात्यांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या लोकांची नावं खांबांवर आहेत. म्हणजे गाव छोटं नसणार.

इथून उतरल्यावर वेळ असेल तर देहूरोडचा बुद्धविहार पाहावा. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरचा धम्मदीक्षा सोहळा त्यानंतर दोन वर्षांनी झाला. एका बाजूला डोंगरातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आणि काही किलोमीटरवर विसाव्या शतकातली ही मूर्ती. एवढ्या कमी अंतरात एवढा मोठा इतिहास क्वचित सापडतो.

चाकण एमआयडीसीच्या डोक्यावरचा डोंगर

संत तुकाराम एकांतासाठी ज्या तीन डोंगरांवर जात असं वारकरी परंपरा सांगते, त्यातला एक घोरावडेश्वर. उरलेले दोन म्हणजे भंडारा आणि भामचंद्र.

भंडारा तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरी-सुदुंबरेच्या बाजूला. वरपर्यंत गाडी जाते, मंदिर आहे, वर्षभर भाविक असतात. म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन जायचं असेल तर हाच निवडा. इथेही जुनी कोरीव लेणी आणि स्तूप आहे, पण देवळातून परतणाऱ्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो. कुणाला तरी विचारूनच तिथे पोहोचावं लागतं.

भामचंद्र वेगळा. चाकणहून दहा-बारा किलोमीटरवर, शिंदे-वासुली गावांजवळ, अगदी एमआयडीसीच्या टप्प्यांना खेटून हा डोंगर उभा आहे. तुकोबांना साक्षात्कार झाला तो इथे, ही वारकऱ्यांची श्रद्धा. वर कड्यात कोरलेलं भामचंद्र महादेवाचं लेणं आहे आणि आजूबाजूला लहान-मोठ्या गुहा. या गुहांमध्ये ज्ञानेश्वरी आणि गाथेचा अभ्यास करणारे साधक राहतात. पुस्तकं, चटई, पाण्याचा हंडा, एवढाच संसार. मातेराच्या गुहांमधली माणसं सरकारने १९५० च्या दशकात बाहेर काढली आणि नंतर तिथे हॉटेलं आली. भामचंद्रवर अजून माणूस अभ्यासाला बसलेला दिसतो. त्याच्या गुहेच्या तोंडाशी जाऊन सेल्फी काढू नये, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

कड्याच्या काठावरून खाली पाहिलं की निळ्या-पांढऱ्या पत्र्यांच्या शेड, कंटेनरच्या रांगा आणि शेतांचे उरलेले तुकडे दिसतात. हे दृश्य दुसऱ्या कुठल्याही गडावरून मिळणार नाही.

डोंगर आज आहे तसा उभा आहे यामागे एक लढाही आहे. शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीचं संशोधन केंद्र येणार होतं. रसायनांमुळे पाणी बिघडेल आणि तुकोबांच्या डोंगराचं पावित्र्य जाईल, असं म्हणत गावकरी आणि वारकरी २००८ मध्ये रस्त्यावर उतरले. आंदोलन चिघळलं, बांधकामाच्या जागेवर जाळपोळही झाली. अखेर २०१० मध्ये कंपनीने इथून काढता पाय घेतला. औद्योगिक पट्ट्यात टाळकरी मंडळींमुळे बहुराष्ट्रीय कंपनी माघारी गेल्याची दुसरी घटना शोधावी लागेल. डोंगराभोवती नवे कारखाने येतच आहेत, त्यामुळे इथे जाताना जुन्या ब्लॉगवरच्या रस्त्यावर विसंबू नका. गावात विचारा.

कुंडमळा: नदीने पाडलेले रांजण

आता अशा जागेबद्दल, जी पाहण्यासारखी आहे आणि जिथे जाताना दहा वेळा विचार करायला हवा.

इंदोरीजवळ इंद्रायणी नदी काळ्या खडकातून वाहते. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की खडकात गोल, खोल, गुळगुळीत खड्डे दिसतात. काही वाटीएवढे, काही माणूस उभा राहील एवढे. यांना रांजणखळगे म्हणतात. ते कुणी कोरलेले नाहीत. पुराच्या पाण्यात भोवरे तयार होतात, भोवऱ्यात सापडलेले गोटे एकाच जागी गरगर फिरतात आणि खालचा खडक झिजवत जातात. जात्यासारखंच, फक्त हे जातं हजारो वर्षं चाललेलं. खडक आहे बेसॉल्ट, म्हणजे थंड झालेला लाव्हा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकांनी दख्खनचं पठार घडवलं. इटलीत जाऊन लोक एटना ज्वालामुखी पाहतात. आपण रोज लाव्ह्यावरच पार्किंग करतो.

ही प्रक्रिया समजून घेणं फक्त विज्ञानाच्या पेपरसाठी गरजेचं नाही. जो भोवरा दगडाला भोक पाडतो, तो माणसाला सोडत नाही. वरून पाणी सपाट दिसतं, पण तळ सपाट नसतो. गुडघाभर पाण्यात चालणाऱ्याचा पुढचा पाय दोन पुरुष खोल खड्ड्यात पडू शकतो. पोहता येणाऱ्यांचाही इथे जीव जातो तो याचमुळे: रांजणाच्या भिंती गुळगुळीत असतात, धरायला काहीच नसतं आणि पाणी आतल्या आत फिरत राहतं.

कुंडमळ्याचं नाव देशभर पोहोचलं ते १५ जून २०२५ ला. तो रविवार होता, नुकताच पाऊस सुरू झाला होता, नदी भरून वाहत होती आणि पाणी पाहायला आलेल्यांची अरुंद लोखंडी पुलावर गर्दी झाली होती. पूल कोसळला. ४ जणांचा मृत्यू झाला, ५० हून अधिक जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नव्या पुलासाठी निधीही मंजूर झाला होता. पण जुना पूल ना पाडला होता, ना पक्का बंद केला होता. पूल पादचाऱ्यांसाठी, गावकऱ्यांच्या रोजच्या ये-जा करण्यासाठी होता. तो एकाच वेळी शेकडो पायांखाली येईल असा विचार करून बांधलेलाच नव्हता. पूल वाहून नेतो ते चालणाऱ्या माणसांचं वजन. थांबलेल्या, एका बाजूला झुकून व्हिडिओ काढणाऱ्या, मधे दुचाकी घातलेल्या गर्दीचं वजन वेगळं असतं.

ही दुर्घटना झाली तेव्हा आदल्या पावसाळ्याची आठवण ताजी होती. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले ५ जण वाहून गेले. ती माणसं पाण्यात उतरली तेव्हा पाणी पायाशी होतं. डोंगरात वर पाऊस झाला की खाली ऊन असतानाही काही मिनिटांत लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात काड्या-पाला वाहून यायला लागला किंवा वरून घरघर ऐकू आली, तर सामान न उचलता बाहेर पडायचं. वेळ तेवढाच असतो.

तेव्हापासून पुणे जिल्हा प्रशासन पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि नदीकाठच्या ठिकाणी बंदीचे आदेश काढतं. आदेश दरवर्षी बदलतात, ठिकाणं बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी ताजी बातमी पाहायला दोन मिनिटं लागतात.

रांजणखळगे पाहायचेच असतील तर उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या निघोजला जा. कुकडी नदीच्या पात्रातले तिथले खळगे कुंडमळ्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत आणि काठावर मळगंगा देवीचं मंदिर आहे. चाकणहून शिक्रापूर-शिरूरमार्गे जाता येतं, दिवसभराची सहल होते. फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला, फक्त दगड तापायच्या आत सकाळी पोहोचलं पाहिजे. निघोजलाही नियम तोच: काठावरून पाहायचं, खळग्यात उतरायचं नाही.

इंद्रायणीचं आणखी एक 'अनोखं दृश्य' अधूनमधून व्हायरल होतं. आळंदीत नदीवर पांढराशुभ्र फेस तरंगतो आणि खाली कॅप्शन असतं, 'आळंदीत बर्फ'. तो बर्फ नाही. वरच्या भागातून नदीत मिसळणारं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी बंधाऱ्यावरून आपटलं की त्यातल्या साबणासारख्या रसायनांचा फेस होतो. हात घालू नये, मुलांना तर अजिबात खेळू देऊ नये. ज्ञानोबांच्या समाधीला आलेला वारकरी मात्र त्याच पाण्यात स्नान करतो.

शाएस्तेखानाला पावणेदोन महिने रोखणारा किल्ला

चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलेल्या हजारो लोकांना माहीत नसतं की ते एका लढाईच्या मैदानात उभे आहेत. गावात बाजारपेठेच्या मागे संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. डोंगर नाही, चढ नाही, रिक्षा दारात जाते.

१६६० च्या जून महिन्यात मुघल सरदार शाएस्तेखानाने या किल्ल्याला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि तीनएकशे मावळे, बाहेर हजारोंची फौज. खानाला किल्ला हवा होता कारण पुणे, जुन्नर आणि अहमदनगरकडून येणाऱ्या रसदेच्या वाटा इथून जात होत्या. आज कंटेनर ज्या कारणासाठी चाकणला येतात, जवळजवळ त्याच कारणासाठी. आठवड्यात पडेल असं वाटलेला किल्ला ऐन पावसात पावणेदोन महिने लढला. शेवटी मुघलांनी छावणीपासून भुयार खणत बुरुजाखाली नेलं, त्यात दारू ठासली आणि ऑगस्टच्या मध्यावर बुरुज उडवला. मराठ्यांनी त्या खिंडारातही लढत दिली. दुसऱ्या दिवशी किल्ला द्यावा लागला. खानाने फिरंगोजींना मुघलांकडे येण्याचं आमिष दाखवलं, ते त्यांनी नाकारलं.

दगड मोजले तर आज फार काही शिल्लक नाही: दरवाजा, काही बुरुज, तटाचे तुकडे, खंदकाची खूण, आत देऊळ. वस्ती भिंतीला येऊन भिडली आहे. एका तासात पाहून होतं. राजगड-रायगडाच्या अपेक्षेने गेलात तर हिरमोड होईल. वेढ्याची गोष्ट वाचून गेलात तर तोच तुटका बुरुज बोलका होतो. तिथून जवळच चक्रेश्वर मंदिर आहे. दशरथाच्या रथाचं चाक इथे पडलं आणि त्यावरून 'चाकण' नाव आलं, ही स्थानिक आख्यायिका. मंदिराच्या आवारात ठेवलेल्या जुन्या शिल्पांमधली भग्न वराहमूर्ती आवर्जून पाहा. वराहाच्या अंगावर बारीक मूर्तींची नक्षी आहे आणि ती नक्षी समजायला वेळ लागतो.

भुईकोटांची आवड लागली तर तळेगाव-चाकण रस्त्यावर इंदोरीचा किल्लाही आहे. सरसेनापती खंडेराव दाभाड्यांच्या काळातला, अठराव्या शतकातला. त्याचा दरवाजा एकट्यानेच सगळी फेरी वसूल करतो. आत कडजाई देवीचं मंदिर आणि मागे इंद्रायणी.

कामशेत-मळवली: ऊन पाहून लेणं निवडा

कार्ले, भाजे, लोहगड, विसापूर यांच्याबद्दल एवढं लिहिलं गेलं आहे की इथे फक्त न सांगितलं जाणारं सांगायला हवं.

पहिलं, बेडसे. कामशेतला उतरून पवनानगरच्या रस्त्याने जायचं, पायथ्यापासून सुमारे ४०० पायऱ्या. कार्ल्याला येणाऱ्या गर्दीच्या एक दशांशही इथे येत नाही. दर्शनी भागातले उंच खांब आणि त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती, बैलांवर बसलेली जोडपी इतकी सुबक आहेत की ती पाहून कार्ल्याच्या शिल्पकारांनी काय शिकलं असेल याचा अंदाज येतो. शेजारी घोड्याच्या नालेसारखा वळलेला विहार आहे. भिक्षूंच्या राहण्याच्या जागेला असा आकार फार कमी ठिकाणी दिला गेला.

दुसरं, वेळ. बेडसे पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी कोवळं ऊन खांबांवर येतं. कार्ले आणि भाजे पश्चिमेकडे पाहतात, तिथे दुपारनंतर प्रकाश आत शिरतो. सकाळी बेडसे आणि दुपारी भाजे असा क्रम लावला तर फोटोला फिल्टर लागत नाही. भाजे लेण्यात कमानीच्या लाकडी फासळ्या आजही जागेवर आहेत, दोन हजार वर्षांहून जुनं लाकूड. बाजूला मोकळ्यावर चौदा स्तूपांचा समूह आहे. इथे होऊन गेलेल्या भिक्षूंची ती स्मारकं.

लोहगड ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत गेला. 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली निवडलेल्या १२ किल्ल्यांपैकी पिंपरी-चिंचवडकरांसाठी लोकलच्या अंतरात असलेला हा किल्ला. एकामागोमाग एक नागमोडी दरवाजे आणि पुढे निघालेली विंचूकाट्याची सोंड. पावसाळ्यातल्या रविवारी मात्र इथे जाऊ नये. २०२३ च्या पावसाळ्यात याच दरवाजांच्या पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकून पडल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. नागमोडी वाट शत्रूची फौज अडवायला बांधली होती, ती पर्यटकांनाही तितक्याच चोखपणे अडवते. गुरुवारी सकाळी ८ ला मळवलीहून चालायला लागा.

शेजारचा विसापूर पावसाळ्यात पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यामुळे प्रसिद्ध झाला. त्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून येणाऱ्यांनी लोहगडावरच समाधान मानावं.

हवेत आणि अंधारात

कामशेत हे पॅराग्लायडिंगचं देशातलं जुनं आणि नावाजलेलं केंद्र. ऑक्टोबरपासून मेपर्यंत हंगाम, पावसाळ्यात बंद. पहिल्यांदा जाणारा माणूस प्रशिक्षित पायलटच्या पुढे बसून उडतो, याला टँडम म्हणतात. उड्डाण साधारण दहा-पंधरा मिनिटांचं. पण त्यासाठी अर्धा दिवस हाताशी ठेवा, कारण वारा ठरवतो कुठल्या टेकडीवरून आणि कधी उडायचं. पायलट 'आज नको' म्हणाला तर ते चांगल्या पायलटचं लक्षण आहे. पैसे दिलेत म्हणून हुज्जत घालू नका.

राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. बुकिंग करताना नोंदणी क्रमांक मागा, विमा आहे का आणि पायलटला टँडमचा परवाना आहे का ते विचारा. पवना धरणाच्या काठावर तंबूत राहायला जाणाऱ्यांनीही हेच प्रश्न विचारावेत. त्यात एक प्रश्न जास्तीचा: बोटीत लाइफ जॅकेट आहे का? 'आहे, पण ओलं आहे' असं उत्तर आलं तर बोटीत बसायचं नाही.

अंधारात पाहण्यासारख्या गोष्टी दोन. मेअखेरपासून पहिल्या मोठ्या पावसापर्यंत राजमाचीच्या जंगलात काजवे लागतात. नर काजवा मादीला बोलावण्यासाठी चमकतो. एका झाडावरचे हजारो काजवे कधीकधी एकाच लयीत उघडझाप करतात. टॉर्च, गाडीचे दिवे आणि फ्लॅश यांनी त्यांचं हे बोलणं तुटतं आणि प्रजननच थांबतं. त्यामुळे काजवा महोत्सवाच्या नावाने चार-पाचशे गाड्या घेऊन जाणाऱ्या आयोजकापेक्षा गावातल्या एखाद्या घरी मुक्काम करणं बरं. जेवणही चांगलं मिळतं.

दुसरी गोष्ट भीमाशंकरची, चाकणहून सुमारे ८० किलोमीटरवर. भर पावसाळ्यात तिथल्या जंगलात कुजणाऱ्या फांद्यांवर एक बुरशी वाढते आणि रात्री हिरवट उजेड देते. काजव्याच्या उजेडासारखाच हाही थंड प्रकाश, रासायनिक क्रियेतून येणारा. चांदणं असेल तर दिसत नाही, अमावास्येच्या आसपासची रात्र लागते आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटं. फोनवर दिसतो तितका भडक हिरवा रंग प्रत्यक्षात नसतो, तो कॅमेऱ्याच्या लांब एक्स्पोजरचा. हे आधी कळलेलं बरं. भीमाशंकर हे अभयारण्य आहे, त्यामुळे वनविभागाच्या परवानगीशिवाय आणि स्थानिक वाटाड्याशिवाय रात्री जंगलात शिरणं बेकायदा आणि धोक्याचं, दोन्ही. दिवसा गेलात तर मान वर ठेवा, शेकरू झाडाच्या शेंड्यावर असतं.

आणि हो, समाज माध्यमांवर गाजणारा 'पिंपरी ते अंधारबन' ट्रेक या पिंपरीतून निघत नाही. ती मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या बाजूची पिंपरी. मोरवाडी चौकात रिक्षावाल्याला विचारून उपयोग नाही.

निघण्यापूर्वी

लोकलला दुपारी काही तास मोठा खंड पडतो, त्यामुळे परतीची गाडी सकाळीच पाहून ठेवा. भामचंद्र, भंडारा आणि इंदोरीसाठी दुचाकी सोयीची. पण तळेगाव-चाकण रस्त्यावर शिफ्ट सुटायच्या वेळी जड वाहनांची रांग लागते, ती वेळ टाळा. लेण्यांमध्ये आणि कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, धूर, फटाके आणि मोठ्याने गाणी यांनी ती उठतात.

कुणी अडकलं किंवा पडलं तर ११२ वर फोन करा. लोणावळा-मावळ भागात शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे स्वयंसेवक बचावासाठी जातात. कुंडमळ्यातही ते पाण्यात उतरले होते. फोनवर गडाचं नाव पुरत नाही. कुठल्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती आणि फोनची बॅटरी किती उरली आहे, हे सांगा. मग जागेवरून हलू नका. शोधायला येणारी माणसं तुम्ही सांगितलेल्या जागीच आधी पोहोचतात.